बीटा पेशीवर बसलेला रंग

सोलापूरची चादर ज्यांनी वर्षानुवर्षं धुतली आहे, त्यांना रंग पक्का असण्याचं मोल ठाऊक असतं. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले, आणि सूत रंगवणं हा या शहराचा रोजचा व्यवहार झाला. मधुमेहाच्या अभ्यासात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी प्रथम नीट दिसल्या, त्याही याच विद्येमुळे. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाची काचपट्टी ठेवतो, तेव्हा त्याला दिसणारा जांभळा आणि गुलाबी रंग कापडाच्या धंद्यातूनच तिथवर पोचलेला असतो.

सुरुवात मात्र जवळजवळ रंगाविना झाली. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सशाचं स्वादुपिंड म्युलरच्या द्रावणात मुरवून पाहिलं. पाचक रस स्रवणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला फिकट, लहान पेशींचे पुंजके दिसले. त्या काय करतात हे कळत नसल्याचं त्याने प्रबंधात सरळ लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. लँगरहान्स १८८८ साली वारला. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला मधुमेह झाला. १८९३ साली फ्रान्सच्या लागेसने त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ हे नाव दिलं.

आता रंगाकडे येऊ. काचपट्टीवरचा जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो आणि युरोपात शतकानुशतकं कापड रंगवायला वापरला जाई. नुसता ओतला तर तो धाग्यावर टिकत नाही. त्याला धरून ठेवायला तुरटी किंवा क्रोमचे क्षार लागतात. पेशीच्या बाबतीतही तेच: तुरटी घातल्याशिवाय हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला नीट धरत नाही. गुलाबी रंग इओसिनचा. तो हाइनरिश कारोने १८७४ साली शोधला, आणि कारोची उमेदवारी कापडछपाईच्या कारखान्यात झाली होती. लँगरहान्सने वापरलेल्या म्युलरच्या द्रावणातलं पोटॅशियम डायक्रोमेटसुद्धा रंगाऱ्याच्या ओळखीचं.

या दोन रंगांत बेटं ओळखता येतात, पण बेटातल्या पेशी एकमेकींसारख्याच दिसतात. तो गुंता १९०७ साली शिकागोत लेनने सोडवला. ऊती अल्कोहोलमध्ये टिकवली की काही पेशींतले कण शाबूत राहतात. पाण्यातल्या क्रोमच्या द्रावणात टिकवली की दुसऱ्या पेशींतले. पहिल्या अल्फा, दुसऱ्या, म्हणजे इन्शुलिन तयार करणाऱ्या, बीटा. मग शिकागोतच हंगेरीहून आलेल्या गोमोरीने १९४१ साली क्रोमतुरटी घातलेल्या हिमॅटॉक्सिलिनने बीटा पेशी निळ्या आणि फ्लॉक्सिनने अल्फा पेशी लाल करून दाखवल्या. १९५० साली त्याने फुक्सिन वापरलं. हा १८५९ साली फ्रान्समध्ये निघालेला रेशमाचा रंग, आपल्या साडीच्या दुकानातल्या राणी रंगाच्या घराण्यातला. अल्डिहाइडशी संयोग झालेलं फुक्सिन बीटा पेशीतल्या कणांवर गडद जांभळं बसतं. मधुमेही माणसाच्या बेटात असे कण किती उरले, हे मृत्यूनंतर का होईना, डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. त्यापुढे चकाकणारी प्रतिपिंडं आली आणि थेट इन्शुलिनलाच चिकटू लागली.

डिथिझोन या रसायनाचा प्रकार वेगळा. बीटा पेशी इन्शुलिन साठवते ते जस्ताच्या सोबतीने, आणि डिथिझोन जस्ताला भेटलं की लाल होतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत रमेश भोंडे आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या स्वादुपिंडातून बेटं सुटी करत, ती याच लाल खुणेवर ओळखत. बशीतल्या बेटांवर ही युक्ती उत्तम चालते. शरीरात टोचलं तर मात्र डिथिझोन बीटा पेशींनाच मारतं. सशांना त्याने मधुमेह होतो.

जिवंत माणसापाशी येऊन ही सगळी परंपरा थांबते. स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं, कारण पाचक रस गळून आजूबाजूची ऊती जाळतो. बेटं सगळ्या स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के, त्यातलं एकेक मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढं, आणि सगळीकडे विखुरलेलं. पेट स्कॅनची नजर काही मिलिमीटरपर्यंतच पोचते. किरणोत्सारी अणू जोडलेलं एक्सेन्डिन हे पेप्टाइड बीटा पेशीवरच्या ग्राहकाला चिकटतं. त्याने इन्शुलिन स्रवणारी गाठ छान सापडते. निरोगी बेटं एकेक मोजणं अजून जमलेलं नाही. म्हणून डॉक्टर रक्तातलं सी-पेप्टाइड मोजून इन्शुलिनचा स्राव किती होतो ते पाहतात. पेशींची संख्या त्यातून थेट कळत नाही.

जिवंत माणसातल्या बीटा पेशी मोजणं आपल्याकडे जास्त निकडीचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा पाठपुरावा केला. इथली बाळं वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी टिकवून जन्मलेली आढळली; अशा ठेवणीचा संबंध पुढच्या मधुमेहाशी जोडला जातो. ती आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वाट्याला जन्मतः बीटा पेशी किती आल्या आणि आज किती उरल्या, हे जिवंतपणी मोजता आलं, तर कुणाला आधी सांभाळायचं हे रक्तातली साखर चढण्यापूर्वीच ठरवता येईल.