चेंडू बदलला, तेव्हा मैदानही बदलले : गोल्फमधील आवडीनिवडींचा इतिहास

१/ १९०१ साली लंडनच्या ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाने नामवंत खेळाडूंपुढे एक प्रश्न ठेवला : ब्रिटनमधील सर्वोत्तम होल कोणते? उत्तरे आली, वाद रंगले, पसंतीची नावे ठरली. पुढच्याच वर्षी एक नवा चेंडू विजयी झाला आणि त्या पसंतीखालची जमीन सरकू लागली. आजचा धागा या दोन गोष्टींच्या नात्याविषयी : खेळाडूचा आवडता होल आणि त्याच्या हातातला चेंडू.

२/ प्रथम एक खुलासा. गोल्फमध्ये ‘होल’ म्हणजे केवळ जमिनीतला खळगा नव्हे. पहिला फटका जिथून मारायचा तिथपासून खळग्याभोवतीच्या हिरवळीपर्यंतचा संपूर्ण टप्पा म्हणजे होल. वाटेत वाळूचे खड्डे, टेकाडे, भिंती, ओढे असतात. चेंडू किती दूर जातो, किती उंच उडतो आणि पडल्यावर किती घरंगळतो, यावरच त्या टप्प्याची परीक्षा कठीण ठरते की सोपी.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये ‘फेदरी’ चेंडू चाले. चामड्याचे तुकडे शिवून पिशवी करायची, ती उलटवायची आणि बारीक फटीतून उकडलेली हंसाची पिसे ठासून भरायची. वाळताना चामडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडूच होत. एकाची किंमत दोन ते पाच शिलिंग. पावसात भिजला की जड होई आणि लोखंडी काठीचा एखादा चुकार फटका त्याची शिवण उसवून टाकी.

४/ उत्तम फेदरी क्वचितच दोनशे यार्डांपलीकडे जाई. जुन्या मैदानांची मापे या मर्यादेतून घडली. सेंट अँड्रूजला १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार आखूड होलचे दोन करण्यात आले. तेच टप्पे जाताना आणि येताना खेळले जात असल्याने एका फेरीचे बावीस होल अठरावर आले. आज जगभर रूढ असलेला अठरांचा आकडा या स्थानिक फेरफारातून आला. त्यामागे कोणतेही गूढ तत्त्व नव्हते.

५/ १८४३ मध्ये सिंगापुरातील ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी एका झाडाच्या चिकाचे नमुने लंडनला पाठवले. मलायी लोकांना हा पदार्थ पूर्वीपासून परिचित होता, तिथले कारागीर त्यापासून हत्यारांच्या मुठी करत. गरम पाण्यात मऊ होणारा आणि थंड होताच घट्ट होणारा हा गटापर्चा. दंतवैद्य रूट कॅनॉलमध्ये आजही तोच भरतात.

६/ गोल्फमध्ये तो कसा आला, याची एक आख्यायिका भारताशी जोडलेली आहे. सेंट अँड्रूजच्या पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते आणि घरातील तरुण रॉबर्टने ते वितळवून चेंडू वळला, अशी ती कथा. कथा गोड आहे, पण तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहावे. पदार्थ आला मलायी जंगलांतून, साम्राज्याच्या व्यापारी मार्गांनी. मूर्तीच्या कथेत त्या जंगलांचा उल्लेखही उरत नाही.

७/ १८४८ च्या सुमारास हा ‘गट्टी’ चेंडू मैदानात दिसू लागला. किंमत साधारण एक शिलिंग. वाकडा झाला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा गोल करता येई. थंडीत मात्र तो फुटे. त्यासाठी नियमच झाला : सर्वांत मोठा तुकडा जिथे पडेल, तिथून नव्या चेंडूने खेळ पुढे न्यावा.

८/ स्वस्ताईचा घाव फेदरी करणाऱ्यांच्या पोटावर बसला. सेंट अँड्रूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू आणि नामांकित चेंडूकार. टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली काम शिकला. एका सामन्यात टॉमजवळचे चेंडू संपले, त्याने दुसऱ्याकडून गट्टी घेऊन डाव पुरा केला आणि ही बातमी रॉबर्टसनच्या कानी गेली. दोघांत शब्दाला शब्द वाढला आणि टॉमने दुकान सोडले. ही हकिकत टॉमनेच उतारवयात सांगितली. पुढे रॉबर्टसननेही गट्टी स्वीकारली, पण भागीदारी तुटली ती तुटलीच.

९/ टॉम १८५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला गेला आणि तिथे त्याने बारा होलचे मैदान आखले. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा त्याच मैदानावर झाली. तिथल्या दोन होलची नावे भूगोलाच्या पुस्तकातली वाटतील : ‘आल्प्स’ आणि ‘हिमालयाज’. दोन्हींत वाळूचे उंच टेकाड आडवे येते आणि पलीकडची हिरवळ दिसत नाही. चेंडूमुळे पेढी सोडावी लागलेल्या कारागिराने आखलेला आल्प्स पन्नास वर्षांनी ब्रिटनच्या आवडत्या होलमध्ये गणला जाणार होता.

१०/ गट्टीने आणखी एक धडा दिला. नवा, गुळगुळीत चेंडू हवेत लवकर खाली येई. खेळून ओरखडे पडलेला चेंडू मात्र लांब आणि सरळ जाई. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा करू लागले. खडबडीत पृष्ठभागामुळे हवा चेंडूला अधिक काळ चिकटून वाहते आणि मागे ओढणारा झोत अरुंद होतो. हे शास्त्र पुढे उलगडले, मैदानाला ते आधीच ठाऊक झाले होते.

११/ या स्वस्त चेंडूची खरी किंमत इतरत्र मोजली गेली. त्या काळच्या पद्धतीत चीक काढण्यासाठी झाड पाडावे लागे आणि एका झाडातून मिळणारा चीक अगदी थोडा असे. सर्वाधिक मागणी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींची, गोल्फचा वाटा त्यामानाने किरकोळ. तरीही मलाया, सुमात्रा, बोर्निओतील ज्या जंगलांची राख त्या केबलींसाठी झाली, त्यांच्याच चिकातून गट्टी बनत होता, हे विसरता येत नाही.

१२/ आता १९०१ च्या पसंतीकडे वळू. एका फटक्याच्या होलमध्ये सेंट अँड्रूजचा अकरावा ‘ईडन’, दोन फटक्यांच्या होलमध्ये प्रेस्टविकचा ‘आल्प्स’, तीन फटक्यांच्या होलमध्ये सेंट अँड्रूजचा सतरावा ‘रोड होल’ ही नावे अग्रभागी होती. फटक्यांनुसार केलेली ही वर्गवारीच बोलकी आहे. आल्प्सचा दुसरा फटका टेकाडावरून आणि पलीकडच्या ‘सहारा’ या विस्तीर्ण वाळूखड्ड्यावरून न्यावा लागे. गट्टीने तो पार करायचा म्हणजे सर्व बळ पणाला लावायचे. होलचे थोरपण चेंडूच्या मर्यादेवर उभे होते.

१३/ त्याच सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल आणि बी. एफ. गुडरिच कंपनीचे बर्ट्रम वर्क यांनी रबराचा ताणलेला धागा गाभ्याभोवती गुंडाळून चेंडू तयार केला. १८९९ मध्ये पेटंट मिळाले. हा चेंडू गट्टीपेक्षा लांब जाई आणि चुकलेला फटकाही बऱ्यापैकी निभावून नेई. उसळी मात्र फार. हिरवळीवर तो आवरणे कठीण जाई.

१४/ १९०२ ची ओपन स्पर्धा हॉयलेकला झाली. सँडी हर्डने सरावात हॅस्केल वापरून पाहिला आणि स्पर्धेतही तोच चेंडू खेळवला. त्याचे फटके ३०७ झाले, हॅरी वॉर्डन आणि जेम्स ब्रेड यांचे प्रत्येकी ३०८. वॉर्डन गट्टीचाच पुरस्कर्ता होता. एका फटक्याच्या त्या फरकाने गट्टीचे युग संपल्यात जमा झाले. १९०१ च्या मतदात्यांनी मावळत्या चेंडूच्या मापाने आपले आवडते होल निवडले होते.

१५/ इथे चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड पुढे येतो. हा अमेरिकन गृहस्थ तरुणपणी सेंट अँड्रूजला शिकलेला. १९०१ च्या चर्चेने त्याच्या मनात प्रश्न पेरला : मोठा होल मोठा का ठरतो? ब्रिटनमध्ये फिरून त्याने मापे आणि आराखडे गोळा केले आणि लाँग आयलंडवर ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ उभारले. तिथे ईडन, आल्प्स आणि रोड होल यांची नवी रूपे आहेत. त्याने नकलेपेक्षा तत्त्व महत्त्वाचे मानले.

१६/ त्याचे उत्तम उदाहरण ‘रेडान’. मूळ होल स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकचा. नाव आले ते क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलला ब्रिटिशांना रोखून धरणाऱ्या रशियन तटबंदीवरून. हिरवळ तिरपी, तिचा उतार मागे डावीकडे, पुढ्यात खोल वाळूखड्डा. थेट खळग्यावर मारलेला चेंडू बहुधा फसतो. उजवीकडे टाकला तर उतार त्याला आपोआप खळग्याकडे नेतो. असा होल वीस यार्डांच्या वाढीने मरत नाही. त्याची अडचण अंतरात नसून निर्णयात आहे. म्हणूनच रेडानची रूपे आज जगभर आढळतात.

१७/ चेंडू मात्र थांबला नाही. १९०५ मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी खळ्यांच्या नक्षीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९२१ मध्ये आकार आणि वजनाची मर्यादा ठरली. १९३० च्या दशकात अमेरिकेने किमान व्यास १.६८ इंच केला, ब्रिटनने १.६२ कायम ठेवला. दोन देशांत दोन चेंडू हा प्रकार १९९० पर्यंत टिकला. लहान चेंडू वारा कापतो म्हणून ब्रिटिश किनाऱ्यावर तो लाडका होता.

१८/ पुढची निवड मऊ की कडक, अशी होती. मऊ बलाटा आवरणाचा चेंडू हिरवळीवर ताब्यात राही, पण लवकर फाटे. कडक सर्लिन आवरणाचा चेंडू लांब जाई, टिके, पण हिरवळीवर थांबत नसे. व्यावसायिक खेळाडू बहुधा पहिला घेत, हौशी दुसरा. ऑक्टोबर २००० मध्ये टायटलिस्टचा ‘प्रो व्ही १’ स्पर्धांत उतरला. त्याने दोन्ही गुण एकत्र आणले आणि धागा गुंडाळलेले चेंडू अल्पावधीत अस्त पावले.

१९/ परिणाम मैदानावर कोरला गेला. २०१० च्या ओपनसाठी रोड होल सुमारे ४० यार्डांनी लांबवून ४९५ यार्डांचा करावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये खेळाच्या दोन्ही नियामक संस्थांनी चेंडूच्या अंतराची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. मैदान वाढवायचे की चेंडू आवरायचा, हा वाद मुळात १९०२ चाच आहे. दर वाढीव यार्डाला जमीन, पाणी आणि पैसा लागतो, त्यामुळे तो केवळ खेळाडूंपुरता उरत नाही.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सावधगिरी शिकता येते. एखाद्या काळाची ‘सर्वोत्तम’ची यादी वाचताना त्या काळाची साधने कोणती होती, हे आधी विचारावे. १९०१ च्या यादीतील आल्प्सचे टेकाड जागेवरच आहे, त्याची दहशत मात्र गट्टीबरोबर गेली. रेडान आजही खेळाडूला विचारात पाडतो. आपल्या ओळखीच्या कुठल्या खेळात साधन बदलल्याने मैदान किंवा नियम बदलले? उदाहरणे या धाग्याखाली जरूर लिहा.