बाळवेष

वयोमानाने कीर्तनाची सेवा थांबली, पण लहानपणी मनात रुतलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तो आज वाचकांच्या चरणी ठेवतो.

आमच्या गावच्या सप्ताहात मला आठव्या वर्षी ज्ञानोबा केले होते. जरीकाठी पीतांबर, गळ्यात मोत्यांच्या माळा, खांद्यावर शेला. मी हरखून गेलो. पखवाजाला बसणारे एक वृद्ध बुवा मात्र म्हणाले, "बाळा, त्या चार लेकरांनी माधुकरी मागितली. त्यांना हा शेला दिला कोणी?" मला तेव्हा बुवांचा राग आला.

पुढे चित्रपटांतली बाळरूपे पाहताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. कथेत रोहिदासाला सर्पदंशाने मरण येते. म्हणून कोणी आपले मूल द्यायला धजेना, अशी हकीकत सांगतात. अखेर फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र यालाच उभे केले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी आधी ती साधी मुलगी म्हणून दिसते आणि मग कृष्णरूपात येते. मला हा मोठा प्रामाणिकपणा वाटतो. पाहणाऱ्याला आधीच सांगितले, की देव पाहा, पण वेषाच्या आत एक लेकरू आहे हे विसरू नका.

हे वेष आले कोठून? फाळके पूर्वी राजा रविवर्मा यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यात काम करीत. तिथली रंगीत चित्रे घरोघरी देव्हाऱ्यात गेली होती. ती चित्रे आणि नाटकमंडळींचे मुकुट-पीतांबर यांनाच आपण पुराणकाळ मानू लागलो. पुराणातल्या देवाला ते शोभते. संतांचे तसे नाही. संत इतिहासात होऊन गेले; त्यांचे गाव, शक आणि दारिद्र्य आपल्याला ठाऊक आहे.

परंपरेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा, ज्ञानोबांचा ११९७ चा, मुक्ताबाईंचा १२०१ चा. संन्याशाची पोरे म्हणून मुंज नाकारली गेली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली तेव्हा माउली पंधरा वर्षांची होती. अशा मुलाला जर पडद्यावर जर नेसवली, तर कथेतला अन्यायच झाकला जातो. ज्याला समाजाने दारातून हाकलले, तो राजपुत्रासारखा दिसू लागतो. मग हाकलणाऱ्यांचा दोष कोणाला दिसणार?

'प्रभात'ने हे भान पुष्कळ राखले. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ ला 'संत तुकाराम' आणि १९४० ला 'संत ज्ञानेश्वर' केला. तुकोबांच्या घरातली मुले म्हैस, चूल आणि उपवास यांच्यामध्येच वावरतात. त्यामुळे जिजाईचा संताप खोटा वाटत नाही. ज्ञानोबा झाले शाहू मोडक. त्यांनी १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी कृष्ण केला होता. मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले, फत्तेलाल मुसलमान. वारकऱ्यांनी दोघांच्या कामाला हात जोडले. भाव खरा असेल तर आपल्याकडे जात पुसत नाहीत, असे आपण अभिमानाने म्हणतो.

पण आता माझी गोष्ट ऐका. पन्नाशीत असताना एका गावी बाळदिंडीची व्यवस्था माझ्याकडे होती. मुलांना संत करायचे होते. पोशाख भाड्याने आणायचे ठरले आणि भाडे ज्याचे त्याने द्यायचे. एका मजूर बाईचा मुलगा हरिपाठ तोंडपाठ म्हणायचा. त्याच्या आईजवळ भाड्याला पैसे नव्हते. तो धुतलेले, ठिगळ लावलेले धोतर नेसून आला. मी त्याला म्हणालो, "तू मागे टाळकऱ्यांत राहा." ज्ञानोबा झाला तो दुसराच, शेलेवाला.

रात्री पखवाजवाले बुवा आठवले. आळंदीच्या दारात उभ्या राहिलेल्या पोरासारखा त्या दिवशी एकच पोरगा होता आणि त्याला मीच मागे सारले होते. आयुष्यभर ज्यांच्यावर कीर्तनात टीका केली, त्यांच्याच पंक्तीला मी जाऊन बसलो होतो. पुढच्या वर्षी सगळ्यांना साधे पंचे दिले, भाडे बंद केले. तो मुलगा मात्र आला नाही. त्याचे घर कामासाठी दुसरीकडे गेले होते.

म्हणून सांगतो, चित्रपट असो की गावची दिंडी, मुलाला संत करताना आधी त्या संताच्या घरात काय होते ते विचारा. नसलेले अंगावर घालू नका. आणि ठिगळाचे धोतर नेसून कोणी दारात आला, तर त्याला पुढे घ्या. माझ्याकडून ते राहून गेले.

रामकृष्णहरी.