जादुई शस्त्रगुण व लढतीतील डाव

कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत मंतरलेल्या शस्त्राचे लाभ पाडणे, शस्त्र उडवणे, शस्त्र मोडणे, पकडणे, ढकलणे अशा डावांना कितपत मिळतात, हे ठरवणारे नियम. लाभ मुख्यतः दोन प्रकारचे : नेम व इजा वाढवणारा बोनस (+1 ते +5) आणि घाव बसल्यावर प्रकटणारा गुण, उदा. ज्वाला.

पूर्वपीठिका : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 3.5 आवृत्तीत (2003) पाडण्यासाठी आधी स्पर्शहल्ला, मग ताकदीची चढाओढ होई. जादुई चाबकाचा बोनस पहिल्या टप्प्यात मिळे, दुसऱ्यात नाही.

पाथफाइंडर : पायझो कंपनीने 2009 मध्ये हे सर्व डाव एकाच फाशावर आणले. वीस बाजूंच्या फाशावरील दान अधिक डावांक (डाव टाकण्याच्या क्षमतेचा आकडा) हे प्रतिस्पर्ध्याच्या बचावांकाइतके किंवा जास्त भरले, की डाव साधतो. शस्त्राने टाकायच्या डावांना (पाडणे, उडवणे, मोडणे) शस्त्राचा बोनस मिळतो. पकडीला मिळत नाही. समजा, पाचव्या पातळीच्या योद्ध्याचा डावांक 8 व समोरच्याचा बचावांक 19 आहे. +1 ज्वालाखड्गाने पाडताना फाशावर 10 पुरतात, पकडताना 11 लागतात. पाडल्याने इजा होत नाही, म्हणून ज्वालेचा सहा बाजूंचा फासा टाकत नाहीत. मात्र ‘ग्रेटर ट्रिप’ हे कौशल्य असल्यास पडणाऱ्यावर लगेच संधीचा वार करता येतो आणि तो बसला की ज्वालाही लागते. अनुभवी खेळाडू ही जोडी मुद्दाम साधतात.

शस्त्र मोडताना इजा वस्तूला होते. साध्या लाँगसोर्डचे काठिण्य 10 व टिकाऊपणा 5. +1 असल्यास अनुक्रमे 12 व 15. ऊर्जेची इजा वस्तूंना सहसा निम्मी धरतात. अपवाद खेळ चालवणारा गेममास्टर ठरवतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, पाचवी आवृत्ती (2014) : ‘बॅटल मास्टर’ योद्ध्याचे पाडण्यासारखे डाव बसलेल्या वारावरच जोडले जातात. त्यामुळे ‘फ्लेम टंग’ तलवारीचे आगीचे दोन फासे व डावाचा आठ बाजूंचा फासा एकाच घावात मोजतात, आणि निर्णायक घाव बसल्यास दोन्हींची संख्या दुप्पट होते. डाव चुकवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला गाठावा लागणारा आकडा मात्र शस्त्राच्या बोनसने वाढत नाही.

पाथफाइंडर, दुसरी आवृत्ती (2019) : पाडण्याची चाचणी अ‍ॅथलेटिक्सची, ‘ट्रिप’ गुणाच्या शस्त्राचा बोनस तीत धरतात.