चौकोन, बाण आणि थ्री माइल आयलंड

आमच्या धंद्यात नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी उठतो आणि व्हाइटबोर्डवर एक चौकोन काढतो. डावीकडून एक बाण आत, उजवीकडून एक बाण बाहेर. झाली प्रोसेस! मग चहा. मीही असे पुष्कळ चौकोन काढलेत. पण या चौकोनाला चार बाजू आहेत आणि वरच्या-खालच्या बाजूंनाही काही अर्थ असतो, हे मला फार उशिरा कळलं. त्यातून वाचत वाचत कुठल्या कुठे, म्हणजे थेट एका अणुवीज केंद्राच्या ट्रेनिंग विभागात पोचलो.

आधी चौकोनाबद्दल. एमआयटीमध्ये डग्लस रॉस नावाचा गृहस्थ होता. मशीन टूल्सना कॉम्प्युटरकडून सूचना देणारी एपीटी ही भाषा त्याच्या नेतृत्वाखाली तयार झाली. १९६९ साली त्याने सॉफ्टेक कंपनी काढली आणि तिथे मोठी कामं कागदावर मांडायची एक चित्रपद्धत बसवली. अमेरिकन हवाई दलाला विमानांच्या कारखान्यांचं काम समजून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी ती उचलली. १९८१ मध्ये तिचं नाव झालं आयडेफ-झीरो. १९९३ च्या डिसेंबरात ती अमेरिकन सरकारी स्टँडर्ड क्रमांक १८३ झाली, आणि २००८ मध्ये ते स्टँडर्ड मागे घेतलं गेलं. सरकारी स्टँडर्डचं आयुष्य म्हणून १५ वर्षं काही वाईट नाहीत.

नियम साधे आहेत. चौकोनात क्रियापद हवं, नुसतं नाम चालत नाही. डावीकडून येतो कच्चा माल, उजवीकडून जातं तयार झालेलं. खालून येतात काम करणारी माणसं आणि यंत्रं. आणि वरून येतं ते नियंत्रण, म्हणजे नियम, मोजमाप, मर्यादा. ते स्वतः खर्च होत नाही, पण काम कसं व्हायचं ते ठरवतं. मग प्रत्येक चौकोन उघडायचा आणि आत पुन्हा तीन ते सहा चौकोन काढायचे. आणि काढलेलं चित्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला वाचायला देऊन त्याचे लेखी शेरे घ्यायचे! (हा शेवटचा भाग आम्ही सगळेच सोयीस्करपणे विसरतो.)

आता ही पद्धत वीज केंद्रातल्या माणसांच्या प्रशिक्षणाला लावून बघा. इथे एक गंमत होते. 'ऑपरेटर घडवणे' या चौकोनात माणूस डावीकडून शिरतो, कच्चा माल म्हणून. शिकून उजवीकडून बाहेर पडतो. आणि तोच बाण वळून 'रिअ‍ॅक्टर चालवणे' या चौकोनाला खालून भिडतो, कारण तिथे तो काम करणारा असतो. दोन चौकोन, एक बाण. पण या चित्रात एक बाण कमी आहे. तो कुठला, हे २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये कळलं.

थ्री माइल आयलंडचं दोन नंबरचं युनिट तेव्हा जेमतेम तीन महिने जुनं होतं. पहाटे चारच्या सुमारास पाणी पुरवणारे पंप बंद पडले, दाब वाढला आणि वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. काही सेकंदांत तो मिटायला हवा होता, तो अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र 'बंद' दाखवत होता. कारण तो दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवतच नव्हता, बंद व्हायचा आदेश गेलाय एवढंच दाखवत होता. (रिस्पॉन्स न बघता 'रिक्वेस्ट पाठवली' एवढ्यावर टिकेट बंद करणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. मीही थांबलो.)

या प्रकारच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी प्रचंड दाबाखाली असतं, म्हणजे ते उकळत नाही. दाब सांभाळायला प्रेशरायझर नावाची टाकी असते, अर्धी पाण्याने आणि अर्धी वाफेने भरलेली. ती वाफ गादीसारखं काम करते. टाकी पाण्याने गच्च भरली की गादी गेली, मग दाबाचा एखादा धक्काही पाइप फोडू शकतो. त्यामुळे ऑपरेटरच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असायची: टाकी गच्च भरू द्यायची नाही. त्या पाहाळी ड्यूटीवर असलेले चौघेही नौदलाच्या अणुविभागातून आलेले होते, आणि तिथेही हाच धडा.

आणि झालं उलटंच. व्हॉल्व्ह टाकीच्या माथ्यावर होता. उघड्या व्हॉल्व्हकडे पाणी धावलं, म्हणून टाकीतली पातळी चढत गेली. रिअ‍ॅक्टरमधलं पाणी मात्र कमी होत होतं. रिअ‍ॅक्टरच्या आतल्या पातळीचं मीटर नव्हतंच. आणीबाणीचे पंप दोन मिनिटांत आपोआप सुरू झाले होते, बरोबर काम करत होते. साधारण साडेचार मिनिटांनी ऑपरेटरांनी त्यांचं पाणी तोडलं. टाकी गच्च भरत होती ना! व्हॉल्व्हची वाट बंद व्हायला दोन तास वीस मिनिटं उलटली. पुढे १९८० च्या दशकात आत बघितलं तेव्हा कळलं की जवळपास अर्धा गाभा वितळला होता.

या माणसांना बावळट म्हणणं सोपं आहे. पण ते शिकवल्याप्रमाणे वागले, खरी अडचण तीच आहे.

चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. हो, तेच! आपल्या आधीच्या पिढीने शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये '१० प्रिंट' लिहिलं ती बेसिक भाषा थॉमस कर्ट्झबरोबर करणारे. १९७९ च्या ऑक्टोबरात आयोगाचा अहवाल आला. मशीनपेक्षा माणसं आणि संस्था यांच्यात जास्त गडबड आहे, असा त्याचा सूर. ट्रेनिंगबद्दलचे तपशील वाचून मी अवाक झालो. हे ऑपरेटर ज्या सिम्युलेटरवर सराव करायचे, त्याच्या प्रोग्रॅममध्ये दाब उतरतोय आणि त्याच वेळी टाकीतली पातळी चढतेय, ही परिस्थिती दाखवायची सोयच नव्हती. लायसन्सच्या परीक्षेत आणीबाणीच्या भागात नापास होऊनही सरासरीवर पास होता यायचं.

आणि आता तो न काढलेला बाण. त्याच कंपनीचा रिअ‍ॅक्टर ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी केंद्रात होता. २४ सप्टेंबर १९७७ ला तिथे हाच व्हॉल्व्ह असाच अडकला, पातळी अशीच चढली, ऑपरेटरांनी पंप असेच आवरले. नशीब एवढंच की केंद्र नऊ टक्के क्षमतेवर चालू होतं आणि सुमारे वीस मिनिटांत चूक सापडली. बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनियरांनी हे ओळखलं. फेब्रुवारी १९७८ च्या एका अंतर्गत मेमोत स्पष्ट लिहिलं होतं की पूर्ण क्षमतेवर असं झालं तर गाभा उघडा पडू शकतो, ऑपरेटरांना सूचना द्या. मेमो या विभागातून त्या विभागात गेला. उलट प्रश्न आला: पण मग टाकी गच्च भरली तर? त्या प्रश्नावर तो अडकला तो अडकलाच. गिऱ्हाइकांपर्यंत सूचना पोचली नाही.

म्हणजे 'रिअ‍ॅक्टर चालवणे' या चौकोनातून वीज बाहेर पडत होती आणि अनुभवही बाहेर पडत होता. तो अनुभव वळून 'ऑपरेटर घडवणे' या चौकोनाच्या वरच्या बाजूला यायला हवा होता. तो बाण कोणाच्याच चित्रात नव्हता. वरून येत होता फक्त अभ्यासक्रम.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. डिसेंबर १९७९ मध्ये वीज कंपन्यांनी मिळून इन्पो ही संस्था काढली. तिने विषयांपासून सुरुवात न करता कामापासून केली: ऑपरेटर नेमकं काय काय करतो, याची यादी. 'थर्मोडायनॅमिक्स' हा चौकोन होऊ शकत नाही, 'व्हॉल्व्ह अडकल्याचं ओळखणे' होऊ शकतो. मग प्रत्येक काम किती अवघड, किती महत्त्वाचं आणि किती वेळा करावं लागतं हे बघायचं. जे अवघड आणि महत्त्वाचं आहे पण क्वचित येतं, ते पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचं. ही रीत लष्करी प्रशिक्षणातून आलेली. आयडेफच्या चित्रांमधून ती निघाली असं मी म्हणणार नाही, पण दोघं चुलतभाऊ शोभतात. १९८७ च्या सरकारी नियमात तिची पाच अंगं लिहिली गेली, आणि पाचवं अंग म्हणजे माणूस कामावर कसा वागतो ते बघून ट्रेनिंग बदलणं. आला की नाही बाण? १९९३ मध्ये हा नियम ऑपरेटरांपलीकडे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन यांनाही लागू झाला. चेर्नोबिलनंतर, १९९० च्या दशकात, अमेरिकन मदतीने रशियात बालाकोव्हो आणि युक्रेनमध्ये ख्मेल्नित्स्की इथे हीच पद्धत शिकवणारी केंद्रं उभी राहिली.

एक शंका मात्र मला सोडत नाही. १९७८ मध्ये कोणी हे चौकोन अगदी नियमानुसार काढले असते, तर त्यात हा अपघात सापडला असता का? मला नाही वाटत. जे काम कोणाच्या डोक्यातच नाही त्याचा चौकोन कोण काढणार? म्हणूनच बहुधा पुढे आणीबाणीची पुस्तकंही बदलली. आधी 'कुठला अपघात झालाय ते ओळखा, मग त्याचं पान उघडा' असं होतं. नंतर आलं ते असं: काय बिघडलंय ते नंतर बघू, आधी गाभा थंड राहतोय का ते बघा आणि लक्षणांनुसार वागा. तिथेही मध्यभागी क्रियापदच आहे.

त्याच बेटावरचं एक नंबरचं युनिट २०१९ मध्ये बंद झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू करून त्याची वीज मायक्रोसॉफ्टला डेटा सेंटरांसाठी विकायचा करार जाहीर झाला. म्हणजे आपल्यासारख्यांच्या सर्व्हरसाठी तिथे परत लायसन्सवाले ऑपरेटर लागणार, आणि ते याच नियमांनुसार तयार होणार.