जपानी चित्रमालिकांतील वीरनायिका

जपानी चित्रमालिका, ज्यांना तिकडे 'ॲनिमे' असें म्हणतात, त्या आतां सुशिक्षित कुटुंबांतील मुलांच्या नित्याच्या परिचयाच्या झाल्या आहेत. वडील मंडळींचें त्यांविषयींचें मत मात्र बहुधा दोन टोकांचें असतें. कांहींजण त्यांना निव्वळ पोरखेळ समजून त्यांकडे काणाडोळा करतात; कांहींजण एखादें भडक दृश्य ओझरतें पाहून सगळ्याच प्रकाराला नाकें मुरडतात. या दोन्ही पक्षांच्या वाचकांनीं या कलेच्या एका शाखेकडे इतिहासाच्या दृष्टीनें थोडा वेळ पाहावें, अशी आमची विनंति आहे. ती शाखा म्हणजे पराक्रमी नायिकेची. ज्यांच्या घरीं वाढत्या मुली आहेत त्यांना, आणि ज्यांच्या घरीं मुलगे आहेत त्यांना तर अधिकच, यांतलें काय पाहूं द्यावें हा प्रश्न पडतो. नांवांची यादी हातीं दिल्यानें तो सुटत नाहीं. हातीं तलवार दिली म्हणजे नायिका समर्थ झाली, असें थोडेंच आहे! ती तलवार तिच्या हातीं कोणत्या अटीवर आली, हें पाहिलें पाहिजे. आणि या अटी कशा बदलत गेल्या हाच आमच्या मतें या इतिहासाचा गाभा आहे.

या इतिहासाचा उगम चित्रांत नसून रंगभूमीवर आहे. ओसाका शहराजवळ ताकाराझुका नांवाचें ऊन पाण्याच्या झऱ्यांचें गांव आहे. तेथवर आगगाडी नेणारे उद्योजक कोबायाशी इचिझो (जपानी रीतीप्रमाणें आडनांव आधीं) यांनीं उतारूंची संख्या वाढावी म्हणून १९१३ सालीं तेथें मुलींचें एक गायनपथक स्थापिलें, व पुढल्या वर्षीं त्याचे प्रयोग सुरू झाले. पोहण्याचा एक तलाव होता, त्याचेंच नाट्यगृह केलें. या मंडळींत नट नाहींतच. राजपुत्र, सेनापति, प्रियकर, साऱ्या भूमिका स्त्रियाच करतात. पुरुषांनीं वठविलेल्या स्त्रीभूमिकांची कीर्ति ज्यांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, अशा मराठी वाचकांस हा उलटा प्रकार मौजेचा वाटेल. रेल्वेची तिकिटें खपावीत या शुद्ध व्यापारी हेतूनें निघालेल्या या मंडळीनें जपानी मुलींच्या कल्पनेंत घोड्यावर बसलेली, कमरेला तलवार लावलेली स्त्री कायमची रुजविली.

याच गांवांत तेझुका ओसामु यांचें बाळपण गेलें, आणि त्यांची आई त्यांना हे प्रयोग पाहावयास नेत असे. मोठेपणीं त्यांनीं 'रिबोन नो किशी' ही चित्रकथा १९५३ सालीं 'शोजो क्लब' या मुलींच्या मासिकांत सुरू केली, व १९६७-६८ सालीं तिची ५२ भागांची मालिका निघाली. तिची नायिका राजकन्या सफायर. जन्मापूर्वीं प्रत्येक बाळाला निळें किंवा गुलाबी हृदय मिळावयाचें, परंतु एका खोडकर देवदूतामुळें हिला दोन्ही मिळालीं. तिच्या देशांत गादीवर बसण्याचा अधिकार फक्त पुत्राला. म्हणून ती राजपुत्र म्हणून वाढविली जाते, आणि एक कपटी सरदार तिचें गुपित फोडण्यास टपून बसलेला असतो.

परीकथाच ही. परंतु तिच्या काळाकडे पाहिलें म्हणजे ती तितकीशी हवेंतली वाटत नाहीं. जपानच्या सिंहासनावर प्राचीन काळापासून अठराव्या शतकापर्यंत आठ स्त्रिया बसल्या होत्या. १८८९ च्या कायद्यानें तो मार्ग बंद केला. एप्रिल १९४६ मध्यें जपानी स्त्रियांनीं सार्वत्रिक निवडणुकींत प्रथमच मतदान केलें, आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. लगेच १९४७ सालीं राजघराण्याचा नवा कायदा झाला, त्यांत मात्र वारसा पुरुषांकडेच ठेवण्यांत आला, व तें कलम आजही कायम आहे. मत देण्यास स्त्री चालते, गादीवर चालत नाहीं, अशा देशांत ही कथा मुली वाचीत होत्या. तेझुकांच्या मनांत हा कायदा होता असें आम्ही म्हणत नाहीं. वाचणाऱ्या मुलींच्या भोंवतीं तो होता, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां सफायरची अट पाहा. तिचें शौर्य निळ्या हृदयांत आहे. तें काढून घेतलें कीं तिच्या मनगटांतलें बळ तत्काळ जातें. म्हणजे शौर्य हा पुरुषाचा ठेवा, आणि मुलीला तो चुकून, देवदूताच्या खोडीनें लाभलेला! पुढें हीच राजकन्या विवाह करून सुखी होते. मालिका गोड आहे, आठदहा वर्षांच्या मुलांस अवश्य दाखवावी. परंतु तिच्या मुळाशीं असलेली ही उसनवारी मोठ्यांनीं विसरूं नये.

मध्यंतरीं एक वेगळीच लाट आली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें जपानच्या स्त्रियांनीं व्हॉलीबॉलमध्यें सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकलें. त्या संघांतील बहुतेक खेळाडू एका सूतगिरणीच्या संघांतल्या होत्या. त्या विजयानंतर जपानी मुलींना या खेळाचें जें वेड लागलें, त्यांतून उरानो चिकाको यांची चित्रकथा व तिजवरील 'अटॅक नंबर वन' ही १९६९ ते १९७१ पर्यंत चाललेली १०४ भागांची मालिका निर्माण झाली. घाम, अश्रू आणि सराव यांचा तींत अतिरेक आहे. परंतु तींत कोणी वेष पालटीत नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

वेष आणि बळ यांची खरी फारकत केली ती इकेदा रियोको यांनीं. १९७२ सालीं 'मार्गारेट' या साप्ताहिकांत त्यांची 'बेरुसाइयु नो बारा', म्हणजे 'व्हर्सायचा गुलाब', ही कथा सुरू झाली, तेव्हां त्या पंचविशीच्या आंतबाहेर होत्या. स्टेफान झ्वाइग यांनीं लिहिलेलें राणी मारी आंत्वानेतचें चरित्र वाचून त्यांना ही कथा सुचली. नायिका राणी असावयाची होती. परंतु तिच्या रक्षणार्थ उभी केलेली ऑस्कर ही कल्पित सेनाधिकारी वाचकांच्या मनांत राणीच्या पुढें निघून गेली. लेखकानें दाराशीं उभा केलेला पहारेकरीच घराचा धनी व्हावा, असें साहित्यांत क्वचित् घडतें. येथें तें घडलें.

एकामागून एक मुलीच झाल्यामुळें खट्टू झालेला एक सेनापति धाकट्या मुलीला पुरुषाचें नांव देतो व तिला सैनिक म्हणून वाढवितो. येथवर सफायरचीच आवृत्ति वाटेल. परंतु ऑस्कर स्त्री आहे हें साऱ्या दरबाराला ठाऊक आहे. तिला लपवावयाचें कांहीं नाहीं; अंगावरचा गणवेष हा तिचा बुरखा नसून तिचा पेशा आहे. निळें हृदय येथें नाहीं. जें आहे तें शिक्षण, सराव आणि पुढें पुढें डोळे उघडत जाण्याची क्रिया. राजवाड्याच्या झगमगाटांतून ती पॅरिसच्या गल्ल्यांत येते, भाकरीला मोताद झालेलीं माणसें पाहते, आणि राजरक्षक दलांतील मानाची जागा आपण होऊन सोडून 'फ्रेंच गार्ड' या पथकांत बदली मागते. तेथील शिपाई बाईचा हुकूम मानावयास तयार नसतात. तो मान ती कमावते. बाप उशिरानें पश्चात्ताप होऊन तिच्या लग्नाचा घाट घालतो, तोही ती मोडून काढते. अखेर सरदारकी टाकून ती आपल्या शिपायांसह लोकांच्या बाजूला जाते व १४ जुलै १७८९ रोजीं बास्तीयच्या लढाईंत पडते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथें विशेष आनंद होतो तो असा कीं, ऑस्कर कल्पित असली तरी तिच्या पायाखालची जमीन खरी आहे. फ्रेंच गार्डमधील शिपाई त्या दिवशीं खरोखरच तोफांसह लोकांस मिळाले होते, व किल्ला पडण्यास त्या तोफा मोठ्या कारण झाल्या. किल्ल्यांत त्या वेळीं अवघे सात कैदी होते हें पाठ्यपुस्तकांतून आपण शिकतों. परंतु शिपाई हुकूम झुगारतो तो क्षण कसा असतो, हें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें सांगूनही जितकें पोंचविलें नसेल तितकें ही मालिका अर्ध्या तासांत पोंचविते.

१९७४ सालीं ताकाराझुकानें ही कथा रंगभूमीवर आणली, आणि जेथून ती कल्पना निघाली होती तेथेंच ती परतली. चाळीस भागांची चित्रमालिका १९७९-८० मध्यें झाली. तिचा दिग्दर्शक मध्येंच बदलला. नागाहामा तादाओ यांच्या जागीं देझाकी ओसामु आले. पूर्वार्धांत अश्रू फार, आणि डोळ्यांत तारे चमकविण्याची हौसही फार. वाचकांनीं थोडा धीर धरावा. उत्तरार्ध काळोखा आहे व आमच्या मतें सरस आहे. २००९ सालीं फ्रान्सनें इकेदाबाईंना 'लेजियां द'ऑनर' हा बहुमान दिला. ज्या राष्ट्राची क्रांति, त्यानेंच परक्या चित्रकथाकार्तीला दाद द्यावी, यांत त्या राष्ट्राचीही रसिकता दिसते. चौदा वर्षांपुढील मुलामुलींस ही मालिका द्यावी. आणि शक्य तर शेजारीं बसून पाहावी.

यानंतरच्या दोन प्रसिद्ध मालिकांविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों. ताकेउची नाओको यांच्या कथेवरील 'सेलर मून' (१९९२ ते १९९७, २०० भाग) हिनें पांच शाळकरी मैत्रिणींचें पथक उभें केलें, व नायिकेला नटण्याथटण्याची हौस असूनही शूर होतां येतें हें दाखविलें. ती धांदरट आहे, रडकी आहे, आणि तरीही शूर आहे. परंतु दोनशे भागांत पुनरुक्ति किती असावी याला कांहीं मर्यादा आहे! 'शोजो काकुमेइ उतेना' (१९९७, ३९ भाग) ही राजकन्या होण्याऐवजीं राजपुत्रच होऊं पाहणाऱ्या मुलीची गोष्ट बुद्धिमान आहे. परंतु तींतील कांहीं प्रसंग इतके बिकट आहेत कीं ती प्रौढांसाठींच राखून ठेवावी.

आम्हांला अधिक बोलावयाचें आहे तें 'जूनी कोक्की', म्हणजे 'बारा राज्यें', या मालिकेविषयीं. ओनो फुयुमी यांच्या कादंबऱ्यांवरील ही ४५ भागांची मालिका २००२-०३ सालीं जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. हिची नायिका योको आरंभीं मुळींच वीर नाहीं. ती सर्वांची मनें राखणारी, कोणालाही 'नाहीं' न म्हणणारी आदर्श विद्यार्थिनी आहे. म्हणजे आपल्याकडे ज्या मुलीचें चारचौघांत कौतुक होतें, अगदीं तशीच. ती एका अनोळखी जगांत फेंकली जाते, जो तो तिला फसवितो, आणि ती हळूहळू संशयी व क्रूर होते. तिला सांभाळणाऱ्या एका निरुपद्रवी जीवाला संकटांत टाकून ती पळून जाते, आणि त्या वेळीं आपला गौप्यस्फोट होऊं नये म्हणून त्याला ठारच करावें काय, असा विचारही तिच्या मनाला शिवतो. आपण सर्वांशीं गोड वागत होतों तें चांगुलपणानें नव्हे, भीतीनें, हें तिला तेव्हां उमगतें. दुसरे कसेही वागोत, आपण कसें वागावयाचें तें आपण ठरवावें, या निश्चयावर ती येते. आणि तेथून तिचें बळ सुरू होतें.

पुढें ती केइ देशाची राणी होते. तिच्या आधींच्या राणीनें मत्सरापायीं देशांतील सगळ्या स्त्रियांना हद्दपार केलें होतें, त्यामुळें प्रजा राणी या शब्दालाच विटली आहे, आणि मंत्री राजा हवा होता म्हणून उसासे टाकीत असतात. योकोला राज्यकारभार येत नाहीं. तो येत नाहीं हें ओळखून ती शिकण्यासाठीं प्रजेंत जाऊन राहते. परतल्यावर तिची पहिली राजाज्ञा अशी कीं, यापुढें कोणीही कोणापुढें जमिनीला कपाळ टेकवून लोटांगण घालूं नये. दरबारांत त्यानें जी खळबळ उडते ती पाहण्यासारखी आहे. मालिकेंत कादंबरीला नसलेले सोबती आरंभीं जोडले आहेत, त्यानें योकोचें एकाकीपण उणावलें, ही आमची एक तक्रार. व पुष्कळशीं कथानकें अपुरीं राहिलीं, ही दुसरी.

शेवटीं 'सेइरेइ नो मोरिबितो' (२००७, २६ भाग). ही मात्र घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाहावी. मूळ कादंबरी १९९६ ची, उएहाशी नाहोको यांची. त्या मानवशास्त्राच्या अभ्यासक. ऑस्ट्रेलियांतील आदिवासींमध्यें त्यांनीं संशोधन केलें, महाविद्यालयांत अध्यापन केलें, आणि २०१४ सालीं त्यांना बालसाहित्याचा 'हान्स ख्रिश्चन अँडरसन' पुरस्कार मिळाला. नायिका बाल्सा तीस वर्षांची आहे. षोडशवर्षीय सुंदऱ्यांनीं गजबजलेल्या या कलेंत हें वयच एक बंड आहे. ती भाला चालविते व पैसे घेऊन लोकांचें रक्षण करते. तिला लहानपणीं वांचविण्यासाठीं तिच्या पालकाला आपल्याच आठ मित्रांचे प्राण घ्यावे लागले. म्हणून तिनें आठ जीव वांचविण्याचा पण केला आहे, आणि ते वांचवितांना कोणालाही न मारण्याची ती पराकाष्ठा करते.

एका जलदेवतेचें अंडें पोटांत वाढत असलेला राजपुत्र चागुम. राज्याच्या नांवासाठीं त्याला मारूं पाहणारा त्याचा बाप. आणि त्याला घेऊन पळालेली ही भालाईत. मधल्या भागांत लढाया फारशा नाहींतच. राजपुत्राला बाजारांत भाव करावयास शिकविणें, जखमांना औषध लावणें, भात शिजविणें, असा तो संसार चालतो. बाल्साची वाट पाहत घरीं राहतो तो तांदा, वनस्पतींचा वैद्य. आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका चौदा वर्षांच्या मुलानें या तांदाविषयींच सर्वांत अधिक प्रश्न विचारले. राजपुत्र सुखरूप वाड्यांत परततो, तेव्हां त्याला निरोप देऊन बाल्सा आपल्या डोंगराळ मायदेशाची वाट धरते. तिच्या त्या प्रवासाची हकीकत उएहाशीबाईंच्या पुढच्या पुस्तकांत आहे, आणि पहिल्या दोन्ही पुस्तकांचें इंग्रजी भाषांतर झालेलें आहे.