सरस, सुतळी आणि गरम वाळू

परवाच्या लाँग वीकेंडला बोदलकसाला मामाकडे गेलो होतो. तिथल्या १९१७ सालच्या तलावाबद्दल पुन्हा कधीतरी. आजचा विषय मामाच्या कपाटातली पेटी. पणजोबांनी मुंबईहून आणलेली, चंदनाची, गोलसर झाकणाची. झाकणाच्या कडेने हाड, कथिल आणि काळ्या लाकडाच्या बारीक ताऱ्यांची पट्टी. त्यातली बोटभर सुटून वर आली होती.

झालं, माझ्यातला इंजिनिअर जागा झाला! फेव्हिकॉल आणि सी-क्लॅम्प मागवले. आधी कोरडाच क्लॅम्प आवळून बघितला, तर तो गोलाईवरून सटकला आणि दोन तारे तुटून खाली. मामा एवढंच म्हणाला, "काहून बे, गाडी सुटते का तुही?" आणि गावातल्या म्हाताऱ्या वाढईकाकांना बोलावणं धाडलं.

या कामाला सादेली म्हणतात. शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला ही कला आली असं मानतात. सुरतेच्या पारशांमधलं पेटीगरा हे आडनाव याच धंद्यातलं. एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांना या पेट्यांचं इतकं वेड लागलं की त्यांचं नावच 'बॉम्बे बॉक्स' पडलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही त्या होत्या.

कृती भन्नाट आहे. त्रिकोणी काड्या सरसाने चिकटवून जुडी बांधायची आणि ती आडवी कापत जायची. प्रत्येक चकतीत तोच तारा. एकदा कोड लिहा, शंभरदा चालवा :)

खरी अडचण पुढे. सपाट जागी चकत्या चिकटवून वर फळी आणि वजन ठेवलं की भागतं. गोलाईवर फळी टेकते एकाच रेषेत, बाकी सगळं अधांतरी. शिवाय सरस गरम असेपर्यंतच पसरतो, गार झाला की त्याची जेली. युरोपातल्या जुन्या फर्निचरवाल्यांनी यावर दोन उपाय काढले होते: सुतळीचे घट्ट वेढे, नाहीतर गरम वाळूची पिशवी. वाळू गोलाईचा आकार घेते, दाब सगळीकडे सारखा पडतो आणि उबेमुळे सरस लवकर गोठत नाही.

मग पट्टी सुटते का? पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कथिल त्याच्याबरोबर हलत नाही. या ओढाताणीत सरस हात टेकतो.

१९५९ साली फेव्हिकॉल आला आणि जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो वासाचा सरस शिजवत बसण्यातून सुतारांची सुटका झाली. ते योग्यच झालं. पण सरसाचा एक गुण त्यात नाही. सरसाचा जोड ऊब आणि ओल देऊन पुन्हा उघडता येतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पांढरा गोंद एकदा लाकडात मुरला की त्यावर सरस नीट बसत नाही. म्हणजे मी त्या दिवशी आमच्या पेटीचं 'अन्डू' बटणच काढून टाकणार होतो.

काकांनी कोमट ओल्या फडक्याने जुना सरस पुसला, नवा लावला, वर बटर पेपर, त्यावर चुलीवर तापवलेल्या वाळूची पिशवी आणि सुतळीचे वेढे. "आता उद्यापर्यंत हात नको लावू."

सकाळी पट्टी बसली होती. माझ्या हातून तुटलेल्यांपैकी एक तारा परत जागेवर गेला, दुसऱ्याचा चुरा झाला होता. ती जागा मामाने रिकामीच ठेवायला सांगितली.

असो. घरात अशी पेटी असेल तर आधी गावातला म्हातारा सुतार शोधा. आणि क्लॅम्प लांब ठेवा.