किरणांचा नेम

राँटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधिले. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेव्हां कातडीवरील खुणांवर भिस्त ठेवून किरण सोडीत. परंतु देहांतील गांठ श्वासाबरोबर हलते, उपचारानें आक्रसते. बोटभर नेम चुकला तर निरोगी भाग भाजतो आणि रोग वांचतो. किरणांचें माप जाणणारीं माणसें हवींत, म्हणून ट्रॉम्बे येथें १९६२ सालीं किरण-भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. आतां यंत्रच रोज आंतलें चित्र दाखवितें. तें पाहून, योजना तीच ठेवावी कीं बदलावी, हें वैद्य, भौतिकतज्ज्ञ व तंत्रज्ञ यांनीं मिळून ठरवावयाचें असतें. कोल्हापुरांत काय, मुंबईंत काय, यंत्र विकत मिळतें. नजर मात्र एकत्र शिकूनच तयार होते.